सेव्हियात ५ दिवस, सोबत आई-बाबा. आसपास कुठे कुठे जावं?

मृद्गंध७

नमस्कार मंडळी, एप्रिलमध्ये आई-बाबांना घेऊन स्पेनला जातेय. माद्रिदच्या ३ रात्रींचं सगळं ठरलंय, तिथून ट्रेनने सेव्हिया (म्हणजे सेव्हिल), तिथे ५ दिवस आणि मग तिथूनच परत. तारखा ईस्टर संपल्यानंतरच्या आठवड्यातल्या आहेत, आणि एप्रिलचा तो मोठा फेरिया, म्हणजे जत्रा, सुरू व्हायच्या आधी आम्ही निघतोय.

बाबा ७१ वर्षांचे, इतिहासाचं वेड आहे, म्युझियममधली प्रत्येक पाटी वाचल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. आई ६७, गुडघे दुखतात. सपाटीवर तास-दीड तास आरामात चालते पण जिने म्हटले की अवघड. शिवाय ती पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही चालत नाही. दोघांचाही हा पहिलाच युरोप प्रवास आणि एवढ्या लांब परत येणं होईल की नाही माहीत नाही, म्हणून मला वाटतंय की जेवढं दाखवता येईल तेवढं दाखवावं.

माझा कच्चा प्लॅन असा की पहिला दिवस सेव्हिया, दुसरा कोर्दोबा, तिसरा ग्रानादा (आल्हाम्ब्रा, तिथला मुस्लिम सुलतानांचा जुना राजवाडा, बाबांना बघायचाच आहे), चौथा रोंदा आणि जमलं तर वाटेतली पांढरी गावं, पाचवा कादिझ. रोज रात्री परत सेव्हियालाच. हे जमण्यासारखं आहे का, काय काढावं, आणि हॉटेल कुठल्या भागात घ्यावं? गाडी चालवायची नाहीये, ट्रेन-बसनेच फिरू.

दोन_चाकं

मी मास्टर्ससाठी सेव्हियात दोन वर्षं होतो त्यामुळे लिहायला बसलो तर थांबणार नाही, जरा मोठं होईल.

आधी मुद्द्याचं बोलतो. पाच दिवसांत चार दिवस बाहेर आणि सेव्हियाला एकच दिवस, हे करू नका. सेव्हिया हे बाहेर फिरून रात्री झोपायला यायचं गाव नाही, तेच बघायचंय. तुमच्या बाबांसारख्या माणसाला तर नुसत्या कॅथेड्रल, आल्काझार (राजवाडा) आणि अर्काइव्हला (जुन्या कागदपत्रांचा संग्रह) दोन दिवस कमी पडतील, आणि या तिन्ही इमारती एकाच चौकात, एकमेकींपासून दोन-तीन मिनिटांवर आहेत, १९८७ साली तिन्ही मिळून युनेस्कोच्या यादीत गेल्यात. माझ्या मते तीन दिवस सेव्हिया, एक कोर्दोबा आणि उरलेल्या एका दिवसात रोंदा किंवा कादिझ यातलं एकच.

ग्रानादा एका दिवसात करू नका. ट्रेनला एका बाजूने अडीच-तीन तास लागतात, आल्हाम्ब्रा डोंगरावर, आत तीन-चार तास चालणं आहे, त्यातल्या नासरी राजवाड्यात (ग्रानादाच्या सुलतानांचे महाल) शिरायची वेळ तिकिटावर छापलेली असते आणि ती चुकली तर आत सोडत नाहीत. तिकिटं नावावर असतात, पासपोर्ट बघतात आणि महिनाभर आधीसुद्धा संपलेली असतात. ग्रानादाला जायचं तर एक रात्र तिथे राहायला हवं, नाहीतर नको.

आता सेव्हिया. कॅथेड्रल हे जगातलं सगळ्यात मोठं गॉथिक कॅथेड्रल आहे, काम १४०१ साली सुरू झालं आणि शंभरेक वर्षं चाललं. त्या जागी आधी मशीद होती, तिचं संत्र्याच्या झाडांचं अंगण आणि मिनार दोन्ही ठेवलेत. मिनार म्हणजे हिराल्दा, १२व्या शतकाच्या शेवटचा, वरचा घंटांचा मजला नंतर १६व्या शतकात चढवलाय. आणि हे तुमच्या आईंसाठी महत्त्वाचं आहे, हिराल्दाला जिना नाहीये. मुअझ्झिनला घोड्यावर बसून वर जाता यावं म्हणून आत उतार बांधलेत, एकूण ३५, भिंतीवर प्रत्येकाचा नंबर लिहिलेला असतो. फक्त शेवटी १७ पायऱ्या लागतात. दर वळणावर खिडकी आहे, थांबत थांबत जाता येतं. चढ आहे हे खरंच, पण पायरी उचलावी लागत नाही. आईंना जमेल असं वाटतं, मात्र उतरताना गुडघ्यावर जास्त ताण येतो तेव्हा घाई करू नका.

कॅथेड्रलमध्येच कोलंबसची कबर आहे. चार राज्यांचे चार पुतळे, कास्तिया, लेओन, आरागोन आणि नावारा, खांद्यावर शवपेटी घेऊन उभे आहेत. क्युबा हातातून गेल्यावर ते अवशेष हवानाहून इकडे आणले. डॉमिनिकन रिपब्लिकचं म्हणणं आहे की खरा कोलंबस आमच्याकडे आहे, सेव्हियातल्या हाडांची डीएनए टेस्ट झाली आणि ती त्याच्या भावाच्या अवशेषांशी जुळली, पण तिकडचा दावा अजून कायम आहे. बाबांना हे सांगून ठेवा, तिथे उभं राहून विचार करायला मजा येते.

तिकीट ऑनलाइनच घ्या. कॅथेड्रलच्या तिकिटावर एल साल्वादोर हे चर्चपण बघता येतं, तिकडे गर्दी फार कमी असते. आल्काझारचंही वेळेचा स्लॉट घेऊन बुक करा, सकाळचा पहिला मिळाला तर उत्तम, अकरानंतर ग्रुपवाले येतात.

राहायला सांता क्रुझ फोटोत फार गोड दिसतं पण गल्ल्या इतक्या अरुंद की टॅक्सी दारापर्यंत येत नाही, दगडी फरसबंदीवरून बॅगा ओढाव्या लागतात. आई-बाबा आहेत तर आरेनाल भाग किंवा प्रादो दे सान सेबास्तियानच्या आसपास बघा, तिथून कॅथेड्रल सपाट रस्त्याने जवळ आहे आणि टॅक्सीही येते.

आणि रोज दुपारी दोन ते पाच हॉटेलवर आराम ठेवा. गावातली बरीच दुकानंही त्या वेळात बंदच असतात. एप्रिलमध्ये रात्री साडेआठ-पावणेनऊपर्यंत उजेड असतो त्यामुळे पाचला बाहेर पडलात तरी पूर्ण संध्याकाळ मिळते, हे तिथे राहिल्याशिवाय कळत नाही आणि सगळे सकाळी नऊ ते संध्याकाळी सात असा प्लॅन करून दमतात.

वाटसरू

दोन_चाकं यांनी छान लिहिलंय. मी फक्त रोंदा की कादिझ यावर लिहिते, कारण मी दोन्ही केलंय आणि तेही सासूबाईंना घेऊन.

रोंदा बघितल्यावर श्वास अडकतो हे खरं आहे. गावाच्या मधोमध दरी, तिच्यावर ९८ मीटर उंच पूल, १७९३ साली पूर्ण झालेला. त्याआधी तिथे बांधलेला पूल थोड्याच वर्षांत कोसळला होता आणि बरीच माणसं गेली होती, म्हणून हा बांधायला एवढी वर्षं लावली. पण सेव्हियाहून थेट ट्रेन नाही, बसने पावणेदोन-दोन तास, शेवटचा भाग वळणावळणाचा. सासूबाईंना मळमळलं, पोचल्यावर पहिला अर्धा तास बाकावर गेला. आणि आमची चूक अशी झाली की परतीचं तिकीट आधी काढलं नव्हतं, बस भरली आणि पुढच्या बसची तीन तास वाट बघावी लागली, थंडी पडलेली, त्या वयाच्या माणसाला घेऊन असं बसणं मला फार लागलं. तेव्हा रोंदा करणार असाल तर जाण्या-येण्याचं दोन्ही आधी काढा. आणखी एक, सेव्हियात दोन बसस्टँड आहेत, प्लाझा दे आर्मास आणि प्रादो. तिकिटावर कुठला आहे ते नीट बघा, दोन्हीत बरंच अंतर आहे.

पुलाचा तो प्रसिद्ध फोटो खालून काढतात, तिथपर्यंतचा उतार खडा आहे, आईंना नेऊ नका. वरच्या बागेतून, आलामेदाच्या कठड्यावरून, सपाट चालून दरी दिसते आणि तेवढं पुरेसं आहे.

कादिझ मात्र ट्रेनने दीड-पावणेदोन तास, बसल्या जागी, टॉयलेट आहे, आणि स्टेशनच्या बाहेर पडलं की जुनं गाव सुरू. तिन्ही बाजूंनी समुद्र, गाव जवळपास सपाट. फिनिशियन लोकांनी वसवलेलं, पश्चिम युरोपातल्या सगळ्यात जुन्या गावांपैकी एक. कोलंबसची दुसरी सफर, १४९३ची, इथूनच निघाली, आणि १८१२ची स्पेनची राज्यघटना नेपोलियनच्या फौजेचा वेढा असताना इथे बसून लिहिली. सोनेरी घुमटाचं कॅथेड्रल, मासळी बाजार (आईंना वास नको असेल तर बाहेरूनच), मग समुद्राच्या कठड्याने चालत ला कालेता बीच. आम्ही तिथे दोन तास नुसते बसलो होतो. सासूबाई म्हणाल्या, आज पहिल्यांदा कुठे पोचायचं नाहीये.

मी तुमच्या जागी असते तर कादिझ.

तीनताल

एक संध्याकाळ फ्लामेन्कोसाठी, म्हणजे तिथल्या गाणं-गिटार-नाचासाठी, ठेवाच. कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो.

जेवणासकटचे मोठे शो टाळा, ताटांचा आवाज आणि लांब बसलेलं स्टेज, त्यात काही पोचत नाही. तासाभराचे छोटे शो असतात, शंभर-एक खुर्च्या, माइक नाही, एक गाणारा, एक गिटार, एक-दोन नाचणारे. सेव्हियातल्या त्रियाना आणि सांता क्रुझ या भागांत असे बरेच आहेत. संध्याकाळी सात-साडेसातचा शो मिळतो, आई-बाबांना उशीरही होणार नाही. शो चालू असताना बहुतेक ठिकाणी फोटो काढू देत नाहीत, शेवटच्या पाच मिनिटांत सांगतात की आता काढा.

मी तबला शिकलोय त्यामुळे मला यातलं गणित आधी दिसलं. सोलेआ, बुलेरिया, आलेग्रियास हे प्रकार १२ मात्रांच्या आवर्तनात चालतात, पण वजन आपल्या एकतालासारखं समान तुकड्यांत नसतं, जोर ३, ६, ८, १०, १२ वर येतो, म्हणजे आधी तीन-तीन आणि मग दोन-दोन-दोन. बसल्या बसल्या बोटांवर मोजून बघा, दहा मिनिटांत सापडतं, आणि एकदा सापडलं की टाळ्या वाजवणारा माणूस, ज्याच्याकडे आधी कुणाचं लक्षच नसतं, तोच सगळं धरून बसलाय हे कळतं. पायांचं काम बघताना कथ्थकचा तत्कार आठवल्याशिवाय राहत नाही. स्पेनमधले हितानो म्हणजे रोमा लोक मूळचे वायव्य भारतातले, भाषेवरून आणि जनुकांवरूनही हे दिसलंय, ते १५व्या शतकात स्पेनमध्ये पोचले. नाच थेट तिथून आला असं मी म्हणणार नाही, आंदालुसियात, म्हणजे स्पेनच्या या दक्षिण भागात, अरबी, ज्यू, स्थानिक असं बरंच मिसळलंय. पण गाणाऱ्याने पहिला 'आय्य' लावला आणि माझ्या शेजारची बाई रडायला लागली, भाषा मला कळत नव्हती आणि मलाही आवरलं नाही.

पहिल्या दोन रांगा मिळाल्या तर घ्या, पाय दिसले पाहिजेत.

पालकभाजी

आईंच्या खाण्याचं मी सांगते, मी स्वतः अंडं खात नाही आणि सेव्हियात आठवडा काढलाय, उपाशी राहिले नाही.

पहिली गोष्ट, नुसतं व्हेजिटेरियन म्हणून भागत नाही. हामोन म्हणजे ते डुकराचं सुकवलेलं मांस, त्याचे तुकडे भाजीत चवीला टाकतात आणि कित्येकांना ते 'मांस' वाटतच नाही. सॅलडमध्ये न विचारता ट्यूना येतो. म्हणून एकेक नाव घेऊन सांगायचं, 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन आतून, सिन उएवो'. सिन म्हणजे शिवाय. मी हे कागदावर लिहून वेटरला दाखवायचे, कुणी कधी तोंड वाकडं केलं नाही, उलट दोनदा स्वयंपाकघरात जाऊन विचारून आले.

आईंना नक्की आवडेल ते म्हणजे एस्पिनाकास कोन गार्बान्सोस, पालक आणि छोले, आणि त्यात चक्क जिरं असतं, लसूण, लाल मिरचीची पूड, तळलेला पाव वाटून घातलेला. हा सेव्हियाचाच पदार्थ आहे, जुन्या बारमध्ये हमखास मिळतो. दुसरं साल्मोरेहो, टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेल घोटून केलेलं गार दाट सूप, मूळ कोर्दोबाचं. त्यावर अंडं आणि हामोन भुरभुरतात ते नको म्हणायचं. पातातास ब्राव्हास म्हणजे तळलेले बटाटे, पण वर पांढरा सॉस असेल तर त्यात अंडं असू शकतं, लाल तेवढाच मागा. कोर्दोबात तळलेली वांगी उसाच्या काकवीबरोबर देतात, ती फार सुंदर लागतात, फक्त पिठात अंडं आहे का विचारून घ्या. सकाळी टोस्टवर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल हा तिथला रोजचा नाश्ता. चुरोस मैदा, पाणी, मिठाचे असतात, जाड चॉकलेटमध्ये बुडवून.

टाळायचं ते तोर्तिया (अंड्याचं असतं), क्रोकेतास, आणि मान्तेकादो व पोल्व्होरोन नावाची बिस्किटं, दिसायला आपल्या नानकटाईसारखी पण डुकराच्या चरबीत केलेली. ही मी घेता घेता थांबले, डब्यावर 'मान्तेका दे सेर्दो' वाचलं म्हणून.

जेवायच्या वेळा सांभाळा. दुपारी दीड ते चार आणि मग रात्री साडेआठनंतरच स्वयंपाकघर उघडतं. साडेसातला जेवायची सवय असेल तर सुपरमार्केटमधून दही, फळं, पाव आणि गाझपाचोचा खोका आणून ठेवा, तिथे गार सूप दुधासारखं खोक्यात मिळतं. एक-दोन रात्री आम्ही असंच केलं. आणि रस्त्यावर झाडांना संत्री लगडलेली दिसली तर तोडू नका, ती कडू असतात, मार्मलेडची.

मृद्गंध७

बापरे, एवढं सगळं! मनापासून आभार सगळ्यांचे. आईला पालकभाजी ताईंचं वाचून दाखवलं, जिऱ्याचं ऐकून तिचा चेहराच बदलला.

कादिझ ठरवलं. ग्रानादा काढतेय पण बाबांना सांगितलं तर ते एकदम गप्प झाले. आल्हाम्ब्राचं पुस्तक घेऊन बसले होते गेले दोन महिने. मला वाईट वाटतंय. एक रात्र तिथे टाकावी का? आणि कोर्दोबाचं जरा सविस्तर सांगाल का, किती वेळ लागतो, सकाळी किती वाजता निघावं?

दोन_चाकं

बाबांना वाईट वाटणं साहजिक आहे. एक रात्र ग्रानादा करायची तर कादिझ जातं आणि सेव्हियाचाही एक दिवस जातो, बॅगा उचलून परत चेक-इन करा, आईंना चढ. तिकिटं आता मिळतात का ते आधी बघा, नासरी राजवाड्यासह मिळत नसतील तर प्रश्नच मिटला. पण मिळाली तरी मी त्यांना आल्काझार नीट वाचायला देईन. का ते सांगतो.

आल्काझारचा मुख्य राजवाडा पेद्रो पहिला या ख्रिश्चन राजाने १३६४च्या सुमारास बांधला, आणि त्याची ग्रानादाचा सुलतान पाचवा मुहम्मद याच्याशी दोस्ती होती. आल्हाम्ब्रातला सिंहांचा चौक याच मुहम्मदाचा. ग्रानादाचे कारागीर इकडे कामाला होते. सेव्हिया १२४८ सालीच ख्रिश्चनांच्या ताब्यात गेलं होतं, म्हणजे शंभराहून जास्त वर्षांनी एक ख्रिश्चन राजा स्वतःच्या घराच्या भिंतींवर अरबी अक्षरं कोरून घेतोय, त्यात स्वतःला सुलतान म्हणवून घेतोय, आणि ग्रानादाच्या राजघराण्याचं ब्रीद, 'अल्लाशिवाय कुणी विजयी नाही', तेही तिथे आहे. राजदूतांच्या दालनात वर घुमट बघा, सोनेरी लाकडाचा, तारकांचा. याच राजवाड्यात १५२६ साली सम्राट पाचव्या चार्ल्सचं लग्न झालं. वरचा मजला अजूनही स्पेनचं राजघराणं वापरतं. जो माणूस दोन महिने आल्हाम्ब्रा वाचतोय त्याला इथे अर्ध्या गोष्टी ओळखीच्या भेटतील, आणि बाग सपाट आहे, आई कारंज्यापाशी बसू शकतील.

अर्काइव्ह ऑफ द इंडीज त्याच चौकात, फुकट आहे, सोमवारी बंद. अमेरिका खंडातल्या स्पॅनिश राज्यकारभाराची सगळी कागदपत्रं, सुमारे ८ कोटी पानं. १७८५ साली राजा तिसऱ्या कार्लोसने सगळं एका जागी आणलं. आणि तोरे देल ओरो या बुरुजाच्या इथे नदीकाठी थोडं उभे राहा. १५१९च्या ऑगस्टमध्ये मॅगेलनची पाच जहाजं याच नदीतून निघाली, तीन वर्षांनी पृथ्वीला फेरी मारून एकच जहाज परत आलं, त्यावर १८ माणसं उरली होती, मॅगेलन त्यात नव्हता. नदीचं नाव ग्वादालकिविर, अरबी 'वादी अल-कबीर'वरून, म्हणजे मोठी नदी.

कोर्दोबाला आव्हे या वेगवान ट्रेनने ४५ मिनिटं. स्टेशन सांता हुस्ता, सामान स्कॅन करतात म्हणून अर्धा तास आधी पोचा. त्याच मार्गावर आवांत नावाची गाडी आहे, वेळ जवळपास तेवढाच आणि बऱ्याचदा स्वस्त. आणि आई-बाबा दोघंही साठीच्या वरचे आहेत तर स्टेशनवर पासपोर्ट दाखवून 'तार्हेता दोरादा' काढा, ६ युरोचं कार्ड असतं, ट्रेनच्या तिकिटावर २५ ते ४० टक्के सूट मिळते. माद्रिदहून येतानाच काढलंत तर सगळीकडे उपयोगी पडेल.

मेझकिता म्हणजे कोर्दोबाची मशीद-कॅथेड्रल सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ फुकट असते आणि त्या वेळी ग्रुप आत सोडत नाहीत. ८५६ खांब, त्या अंधूक उजेडात, शांत. मला सेव्हियातल्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त आठवते ती हीच जागा. पण त्यासाठी पहाटेची गाडी धरावी लागते आणि साडेनऊला बाहेर काढतात, बाबांना एक तास पुरणार नाही. तेव्हा आरामात दहापर्यंत पोचा आणि तिकीट काढून दोन तास घ्या. खांब आखूड आहेत कारण बरेचसे जुन्या रोमन आणि व्हिसिगोथ इमारतींतून उचलून आणलेत, छत उंच करायचं म्हणून कमानीवर कमान अशी दुहेरी रचना केली, लाल विटा आणि पांढरा दगड. सुरुवात ७८५च्या आसपास, मग दोनशे वर्षं वाढवत गेले, आणि १६व्या शतकात मधोमध कॅथेड्रल उभं केलं. आत चालताना एकदम तिथे येतो आपण आणि डोळ्यांना कळत नाही काय झालं.

आतली जमीन सपाट आहे पण बाहेर ज्यू वस्तीत गोटे बसवलेले रस्ते आहेत, जाड तळाचे बूट हवेत. स्टेशनहून मेझकिता चालत वीस-पंचवीस मिनिटं, आईंसाठी टॅक्सी करा, फार पैसे होत नाहीत. मग रोमन पुलावरून नदीपलीकडे जाऊन मागे बघा, जेवा, चारच्या गाडीने परत.

अर्धा दिवस रिकामा राहिला तर इटालिका. सेव्हियाहून ९ किलोमीटर, प्लाझा दे आर्मासहून सांतिपोन्सेची बस. इ.स.पू. २०६ मध्ये रोमन सेनापती स्किपिओने जखमी सैनिकांसाठी वसवलेलं रोमन गाव, सम्राट ट्राजन तिथला. पंचवीस हजार माणसं बसतील एवढं अँफिथिएटर, आणि जमिनीवर पक्ष्यांची मोझेक. तिकीट दीड युरो. सावली नाही, टोपी घ्या, सोमवारी बंद.

वाटसरू

कॅथेड्रलच्या बाहेर बायका रोझमेरीची काडी हातात देतात आणि मग हात बघून पैसे मागतात, चिकटून बसतात. काडी हातात घ्यायचीच नाही, 'नो ग्रासियास' म्हणून चालत राहायचं. सासूबाईंनी प्रसाद समजून घेतली होती.

मृद्गंध७

परत येऊन दहा दिवस झाले. इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ग्रानादाची तिकिटं नव्हतीच. आल्काझारला सकाळी साडेनऊला आत गेलो आणि बाबांना बाहेर काढेपर्यंत दीड वाजला. मी त्यांना पेद्रो आणि मुहम्मदाची गोष्ट आदल्या रात्री वाचून दाखवली होती, ते ब्रीद त्यांनी स्वतः शोधून काढलं, पुस्तकातल्या फोटोशी अक्षर न् अक्षर ताडून, आणि मला हाक मारली तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. ग्रानादाचं नाव त्यानंतर निघालं नाही.

आई हिराल्दावर गेली! मी आणि बाबा नको म्हणत होतो. ती म्हणाली घोडा जातो तर मी का नाही. प्रत्येक खिडकीपाशी थांबलो, चाळीस मिनिटं लागली, नंबर मोठ्याने म्हणत होती, अठ्ठावीस, एकोणतीस. शेवटच्या १७ पायऱ्या कठडा धरून. वर वारा होता, खाली सगळं गाव पांढरं आणि संत्र्याच्या फुलांचा वास तिथपर्यंत येत होता की मला तसं वाटलं माहीत नाही. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला, म्हणून इटालिका गेलं आणि आम्ही प्लाझा दे एस्पान्यात बसून काढला दिवस. १९२९च्या प्रदर्शनासाठी बांधलेली ती अर्धगोल इमारत, स्पेनच्या एकेका प्रांताचं टाइल्सचं बाकडं. बाबा एकेक बाकडं वाचत गेले आणि आई सावलीत बसून नाचणाऱ्या मुली बघत होती. तो दिवस वाया गेला असं आम्हा कुणालाच वाटलं नाही.

कोर्दोबात बाबांनी दोन तास घेतले, आईने गोट्यांच्या रस्त्यांवर माझा हात सोडला नाही. कादिझला वारा फार होता, स्वेटर न्या. फ्लामेन्कोला दुसरी रांग मिळाली, तीनताल यांनी सांगितलेलं तीन-तीन-दोन-दोन-दोन बाबांनी मोजलं, आईने मोजलं नाही, ती नुसती बघत होती.

दोरादा कार्डाचे पैसे माद्रिद-सेव्हियाच्या पहिल्याच तिकिटात वसूल झाले.

त्रियानाच्या बाजारातून आईने लाल मिरचीच्या पुडीचा एक डबा आणलाय, धुराचा वास असलेली. परवा तिने पालक-छोले केले, कालथ्याने पाव कुस्करून घातला. बाबांनी दोनदा घेतलं.